पाच जणांचा टाक

निवृत्त माणूस रिकामाच असतो, असं आमच्या गावानं ठरवून टाकलं आहे. आयुष्यभर मी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं. कानस कशी धरायची आणि पाना हातोडा म्हणून का वापरायचा नाही, हे सांगून सांगून घसा बसला. शेवटी पालीच्या अलीकडं असलेल्या आमच्या गावात येऊन पाठ टेकावी म्हटलं, तर कुणाची मोटर बसली, बोलवा मास्तरला. कुणाचा पंखा आवाज करतोय, बोलवा मास्तरला. गुडघे दुखतात म्हटलं तर लोक गाडी घेऊन दारात येतात, म्हणजे तीही सबब गेली.

त्या उन्हाळ्यात गावाचा तलाव पार तळाला गेला होता आणि गाळ काढायला जेसीबी आला होता. भर दुपारी, मी नुकताच आडवा झालेलो असताना, सरपंचाचा भाऊ दारात गाडी लावून ओरडला, "मास्तर, चला लवकर, रणगाडा निघालाय!"

मी म्हटलं, आपल्या गावात रणगाडा कावून येईल? पण बायको म्हणाली, जाऊन या एकदाचे, नाहीतर तो हॉर्न वाजवत बसंल. म्हणून गेलो.

तो रणगाडा नव्हता. गाळात अर्धं रुतलेलं एक इंजिन होतं, गोल, मधल्या धुऱ्याभोवती नऊ सिलिंडर बसवलेले. सिलिंडरच्या बारीक पात्यांमध्ये गाळ वाळून घट्ट झाला होता. बाजूला पंख्याचं एक पातं, टोकाला मुडपलेलं. ट्रॅक्टर नाही, पंप नाही, रेल्वेचंही नाही. हवेवर थंड होणारं एवढं मोठं इंजिन फक्त विमानाला असतं, आणि असल्या जुन्या धाटणीचं म्हटल्यावर लढाईच्या काळातलं. मी तसं म्हटल्याबरोबर कुणीतरी "मंग बॉम्ब बी असंल" असं बोललं. सगळी माणसं पळाली आणि दोन मिनिटांनी आधीपेक्षा जवळ येऊन फोटो काढू लागली.

त्या गर्दीत एक माणूस इंजिनाकडं बघतच नव्हता. धनगरवस्तीवरचा आबा. वय नव्वदीला टेकलेलं, डोक्याला लाल पटका, हातात काठी. मेंढरं आता नाहीत. मुलगे पुण्याला कंपनीत आहेत, आबा मागं राहिलेल्या दोन शेळ्या राखतो. तो इंजिनाच्या पलीकडं, जिथं अजून थोडं हिरवट पाणी साचलेलं होतं, तिकडं टक लावून बघत होता.

"शेपूट तिकडं गेलतं," तो म्हणाला. "डोहात."

मला खरं तर घरी जायचं होतं. पण आबा खाली बसला आणि मलाही हाताला धरून बसवलं. मग त्यानं जे सांगितलं, ते गावातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

तलाव नंतर झाला. आधी इथं ओढा होता आणि ओढ्याला डोह. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचा, बापाबरोबर मेंढरं घेऊन इथंच बसलेला. बाजरी निसवलेली, आभाळ खाली आलेलं, आणि त्या आभाळातून आवाज करत विमान आलं आणि ओढ्यात पडलं. जळलं. विझल्यावर बापानं आणि चुलत्यानं जी माणसं हाती लागली ती बाहेर काढली आणि काठावरच्या बाभळीखाली पुरली. "पाच व्हते. म्या मोजले," आबा म्हणाला. काळ निजामाचा. पोलीस ठाण्याच्या अमिनाला, म्हणजे फौजदाराला, कळलं तर गोऱ्या सायबांना धनगरांनीच मारलं म्हणून वस्ती बांधून नेईल, हे भय. म्हणून कुणाला सांगितलं नाही. पत्रे, सळया, जे हलवता आलं ते वस्तीवर नेलं. पुढं तलाव बांधला, बाभळ पाण्याखाली गेली, पुरलेली माणसंही गेली.

"नाव न्हाई, तिथी न्हाई. मंग मह्या बापानं सर्वपित्रीला पाच पत्रावळी मांडायला चालू केलं. बाप गेल्यावर म्या. एक साल चुकवलं न्हाई."

ज्यांची मरणतिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्री अमावस्येला जेवू घालतात, हे आमच्याकडं सगळेच करतात. पण ते आपल्या माणसांना. कुठल्या देशाची, कुठल्या धर्माची ही पाच माणसं, आणि त्यांना एक धनगर ऐंशी वर्षं बाजरीची भाकरी आणि वड्याचा घास वाढत होता.

"मास्तर, म्या आता लई दिवसाचा न्हाई. वर गेल्यावर ते भेटतेल. त्यांना हाक काय म्हणून मारू? तुमी शिकलेले हाव. तेवढं नाव काढून द्या."

मी हो म्हटलं. कटकट लवकर मिटावी म्हणून हो म्हटलं, हे इथं कबूल करतो.

तहसीलची माणसं आली, पंचनामा झाला, इंजिनावर ताडपत्री पडली. माझा एक जुना विद्यार्थी बंगळूरला विमानं दुरुस्त करतो. त्याच्याकडून मला विलायतेतल्या एका म्हाताऱ्याचा पत्ता मिळाला. लढाईत हरवलेल्या विमानांच्या याद्या करणं, हाच त्याचा छंद. असेही लोक असतात. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, फोटो जोडले. त्यानं उलटे ढीगभर प्रश्न पाठवले. सिलिंडरच्या माथ्यापर्यंत बाहेरून दांड्या गेल्यात का? सांगाडा कसा आहे? नंबर कुठं आहे?

त्या उन्हात मी वस्तीवर दारोदार हिंडलो. शेळ्यांच्या पाण्याची डोणी विमानाच्या तेलाच्या टाकीची निघाली. धुणं आपटायचा जाड लोखंडी पत्रा बहुधा चालकाच्या पाठीमागचा, गोळी अडवायचा. आणि एका घरी कोंबड्यांचं खुराडं होतं, वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींवर तिरप्या बसवून केलेलं, टोपलीच्या विणीसारखं. मला वाटलं घरच्याच कुणी केलं असेल. घरची बाई म्हणाली, "न्हाई वो, सासऱ्याच्या आजानं असंच आनलतं." त्याचा फोटो पाठवल्यावर म्हाताऱ्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. असली वीण एकाच जातीच्या बॉम्बफेक्या विमानाला होती, दोन इंजिनांचं, एका जुन्या इंग्रज सेनापतीचं नाव दिलेलं. त्या जातीची दोन विमानं त्या पावसाळ्यात, आठवड्याच्या अंतरानं, आपल्याकडच्या आभाळात ढगांत शिरली आणि परत दिसली नाहीत. एकात पाच माणसं होती. दुसऱ्यात सहा.

मी लगेच कळवलं, पाच. मोजणारा माणूस जिवंत आहे.

त्यानं लिहिलं, आठवणीवर जाऊ नका, नंबर शोधा. चालकाच्या खोलीत एक छोटी पितळी पट्टी असायची, त्यावर ठोकलेला. ती मिळाल्याशिवाय मी कुणाच्या घरी काही कळवणार नाही.

मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. ऐंशी वर्षांपूर्वीची बोटाएवढी पट्टी आता कुठून आणायची? गुडघे सुजले होते. यादीतली पाच नावं मी मराठीत लिहिली, विद्यार्थ्याकडून जुन्या पंचांगातली तिथी काढून घेतली आणि आबाला वाचून दाखवली. आबा प्रत्येक नाव तीन-तीनदा म्हणायचा. त्याच्या तोंडात ती नावं काही बसत नव्हती, पण त्याचा चेहरा असा काही निवळला होता की मलाही बरं वाटलं. झालं एकदाचं, म्हणून मी घरी येऊन झोपलो. पुढच्या आठवड्यात जेसीबी गेला. मग पाऊस आला, त्या वर्षी चांगला आला, आणि आषाढात तलाव निम्मा भरला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आबाचा निरोप आला, तिसरं नाव पुन्हा सांगून जा, विसरतंय. मी चिडतच गेलो. आबा ओट्यावर बसून देव घासत होता. पुढ्यात चिंचेचा कोळ, राख, आणि देव्हाऱ्यातले टाक मांडलेले. आमच्याकडं कुळदेवाचे आणि गेलेल्या माणसांचे टाक असतात, चांदीचे नाहीतर पितळेचे छोटे पत्रे, त्यावर उमटवलेली आकृती. सणाला ते घासून लख्ख करायचे. आबाच्या टाकांत एक पत्रा कोरा होता. आकृती नाही, काही नाही, आरशासारखा गुळगुळीत. चार कोपऱ्यांत चार भोकं.

रिव्हेटची भोकं मी झोपेतही ओळखतो.

"हा कुणाचा टाक, आबा?"

"त्याहिचाच की. पाच जणांचा. इमानात व्हता. त्यावर कायतरी लिव्हलेलं व्हतं, मंग बाप म्हनला ह्योच त्याहिचा टाक."

"आणि लिहिलेलं कुठं गेलं?"

आबानं बोटांवरची राख झटकली. "गेलं झिजून. सनाला घासतो ना."

माझा तोल गेला. मी ओरडलो, अहो त्यावर नंबर होता, सगळं त्यावर होतं, कशाला घासलंत? आबा माझ्याकडं बघतच राहिला. मग सावकाश म्हणाला, "कावून घासलं म्हंता? द्येव काळा ठिवायचा असतो का, मास्तर?"

मला माझीच लाज वाटली. ऐंशी वर्षं या माणसानं परक्या मेलेल्यांचा टाक सणासुदीला चिंचेनं घासला होता, आणि मी तीन आठवडेही नीट शोधलं नव्हतं. मी तर याच दारावरून त्या खुराड्याच्या घरापर्यंत जाऊन आलो होतो. देव्हाऱ्यात डोकावलो नव्हतो.

घरी येताना मला चोरीच्या मोटरसायकली आठवल्या. चोर चासीचा नंबर कानशीनं घासून काढतात. पण ठोकलेला आकडा नुसता वरवर नसतो, त्याच्याखालचा धातूही दबलेला असतो. वरचं घासून गेलं तरी तो दाब आत राहतो. तिथं योग्य आम्ल लावलं तर ते दबलेला भाग वेगळ्या गतीनं खातं आणि आकडा थोडा वेळ सावलीसारखा वर येतो. पोलीस मला दोनदा तेवढ्यासाठी घेऊन गेले होते. पितळेला चालेल असं रसायन आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या खोलीत बरणीनं असतं.

पण आबाला सांगायला हवं होतं की देवावर तेजाब घालायचं आहे, आणि फसलं तर जे काही आत उरलं आहे तेही जाईल. दोन दिवस मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. आबानं टाक हातात घेतला, कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला.

"त्याहिला दुखंल का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नाही.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आबाही आला होता, सकाळच्या एसटीनं. मी पत्रा बारीक पॉलिश कागदानं साफ केला, कापसाच्या बोळ्यानं रसायन लावलं, थांबलो, पुसलं, पुन्हा लावलं. चौथ्या वेळी एक अक्षर आलं. मग दोन आकडे. तिसरा काही केल्या येईना. चौथा आला आणि लगेच विरू लागला. मी मोबाईलवर फोटो काढत राहिलो.

घरी येऊन यादी काढली. आमच्या पाच जणांच्या विमानाचा शेवटचा आकडा वेगळा होता. पट्टीवरचा आकडा दुसऱ्याचा होता. सहा जणांच्या.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. फोटो विलायतेला पाठवला, तर म्हाताऱ्याचं उत्तर आलं, शंका नाही. त्यानं सहा नावं पाठवली आणि त्यांची कामंही. शेवटचा माणूस वीस वर्षांचा. शेपटात बंदूक घेऊन बसणारा, तोंड मागं करून, बाकीच्यांपासून वेगळा.

शेपूट तिकडं गेलतं. डोहात. आबानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या दिवशी डोहात गुडघाभर पाणी होतं आणि काठावर जेसीबी उभा होता. म्हाताऱ्यानं नंबर शोधा म्हणून लिहिलं तेव्हाही होता. मी तेव्हा वस्तीवरचे देव्हारे बघितले असते, तर सहावा तेव्हाच कळला असता आणि आबाच्या शब्दावर सरपंचानं अर्धा दिवस मशीन तिकडं लावलं असतं. आता त्या जागेवर दोन पुरुष पाणी होतं. मला थकवा होता, म्हणून एक पोरगा गाळातच राहिला, हे मी त्या दिवशी बायकोला सांगितलं. ती चहा ठेवून गेली.

आबाला सांगताना मी पोलिसांसारखं सरळ सांगितलं, कारण वळणं घ्यायची ताकद नव्हती. मी दिलेली नावं चुकीची होती. तिथीही चुकीची. ते पाच नव्हते, सहा होते.

आबानं बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा मारल्या.

"म्हंजी एकजण उपाशीच राहिला की वो," तो म्हणाला. "ऐंशी सालं."

मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक असणार.

"कुठं बसलता त्यो?"

मी शेपटाचं सांगितलं. एकटा बसायचा, तोंड मागं. मागून कुणी येतंय का ते बघायचा.

आबानं मान हलवली. "कळपाच्या मागं एक माणूस चालतो, मास्तर. मागं राहिलेलं कोकरू त्यो उचलतो. म्या पोरगा व्हतो तवा मागंच चालायचो." मग तो एकदम रडू लागला, म्हाताऱ्या माणसासारखं, आवाज न करता. "त्याच्याकडं कुणीच वळून बघितलं न्हाई."

नवी तिथी काढली, ती सप्तमी निघाली. पितृपक्षातल्या सप्तमीला आम्ही तलावाच्या काठावर गेलो. आबा, मी, माझी बायको. वस्तीवरच्या आबाच्या पुतण्याच्या बायकोनं स्वयंपाक करून दिला होता. आबानं सहा पत्रावळी मांडल्या. मी कागदावरून नावं वाचली आणि आबानं ती आपल्या तोंडानं म्हटली, जशी येतील तशी. शेपटातल्या पोराचं नाव मी सगळ्यात शेवटी वाचणार होतो, कारण ते यादीत शेवटी होतं.

"आधी त्याचं घ्या," आबा म्हणाला. आणि त्याच्या पत्रावळीवर त्यानं आधी वाढलं, दोन भाकरी, बाकीच्यांना एक-एक. पाण्याकडं तोंड करून हात जोडले.

परत निघताना आबानं कमरेच्या फडक्यातून टाक काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, हे काय?

"पोरं पुण्याला. त्याहिला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. तुमाला नावं वाचता येतेत." त्यानं काठी सावरली. "म्या असलो-नसलो, पुढच्या साली सहा मांडा. पाच मांडू नगा."

मला नको म्हणायचं होतं. आमच्या घरी पित्राला नैवेद्य करायचा म्हणजे बायकोचं काम आणि माझं जांभया देणं. देव्हाऱ्यापुढं मी वर्षातून दोनदा उभा राहतो, तेही दिवाळीला आणि गणपतीला. पण नको म्हणण्याइतकं तोंड मला उरलं नव्हतं. मी टाक खिशात ठेवला.

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी आबा गेला. विलायतेतल्या म्हाताऱ्याचं पत्र त्यानंतर आलं. शेपटातल्या पोराची एक धाकटी बहीण हयात आहे, तिला कळवलं आहे, आणि ती विचारते की तिथं त्याच्याजवळ कुणी आहे का. त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहायचं ते ठरत नाही.

दिवाळीच्या आधी बायकोनं देव काढले. अंगणात पाट, पाटावर टाक मांडलेले, वाटीत चिंच भिजलेली. ओळीत तो कोरा पत्राही होता. रसायनानं डागाळलेला, मधोमध एक तपकिरी सावली. बाकीचे टाक घासून तिनं बाजूला ठेवले आणि तो हातात घेऊन चिंच लावणार, तेवढ्यात मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

"हा घासायचा नाही," मी म्हटलं.

"काळा पडंल की वो."

"पडू दे."